चौकट आणि उजेड



भिलाईतल्या मराठी घरांतला जुना अल्बम उघडावा, तर त्यात माणसे भरपूर भेटतात. बारशाची, मुंजीची, सेवानिवृत्तीच्या निरोपाची, १९७२ साली उभ्या राहिलेल्या मैत्रीबागेतील सहलीची. भेटत नाही ते गाव. सेक्टरमधला सरळ रस्ता, कडेचा कडुनिंब, क्वार्टरच्या फाटकातून दिसणारे मैदान, क्षितिजावरची पोलाद कारखान्याची धुराडी, हे सारे समोर ओळीने उभ्या राहिलेल्या मंडळींच्या मागे झाकलेले असते. क्वार्टर सोडून नागपूर-पुण्याकडे गेलेल्या कुटुंबांना आज नातवंडांना आपले अंगण दाखवायचे असते, आणि दाखवायला चित्र नसते.

यावर ठरलेले उत्तर मिळते : इथे टिपण्यासारखे आहे काय? ना सह्याद्रीचे कडे, ना समुद्र. सपाट प्रदेशाच्या छायाचित्राला सहजासहजी खोली येत नाही, हे खरेच. परंतु त्यासाठीच नैसर्गिक चौकट असते. झुकलेली फांदी, दाराची कमान, दोन खांब असे जवळचे काहीतरी चित्राच्या कडेला घेतले की नजर तिथून निघून दूर जाते आणि मधले अंतर जाणवू लागते.

याचा उत्तम धडा अजिंठ्यात मिळतो. लेण्याच्या ओसरीतून वाघोरा नदीच्या नालाकृती दरीकडे पाहताना डोळ्यांना खांबांवरचे कोरीवकाम आणि बाहेरचे ऊन एकाच वेळी दिसते. कॅमेऱ्याला हे सहसा साधत नाही. उजेडाचे माप आतल्या अंधारावरून घेतले तर दरी पांढरीफटक होते. बाहेरच्या उन्हावरून घेतले तर खांब काळे पडतात. नवशिक्याला तो दोष वाटतो. वस्तुतः तो काळेपणा हीच चौकट. मोबाइलच्या पडद्यावर उजळ भागावर बोट टेकवले की हे काम होते. मात्र फांदी दाट असेल तर चौकटच चित्र गिळून टाकते, आणि असे प्रकार फार होतात.

त्याच अजिंठ्यात मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याने १८४४ पासून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवण्यात वर्षानुवर्षे घालवली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ च्या आगीत जळाल्या. पुढे गिलने कॅमेराही हाती घेतला होता. त्याची लेण्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या ग्रंथात आली. रंगवलेले गेले, टिपलेले राहिले. त्याची कबर भुसावळला आहे. भिलाईची मंडळी मुंबईला जाताना त्याच स्थानकावरून जातात, बहुधा चहा शोधत.

चौकट जागेवरच असते. उजेडाची मात्र वाट पाहावी लागते. सूर्य खाली असतो तेव्हा किरणांना वातावरणाचा मोठा थर ओलांडावा लागतो, निळा प्रकाश वाटेतच विखुरतो आणि पिवळा-तांबूस उरतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा उजेड बाजूने येतो. पाठीमागून आलेला उजेड समोरची वस्तू स्पष्ट दाखवतो, पण सपाट करतो. बाजूचा उजेड धानाच्या खाचरांचे बांध, झाडाची साल, भिंतीचा खडबडीतपणा उठवून दाखवतो. चरोद्याजवळच्या देवबलोदा येथील कलचुरिकालीन शिवमंदिरावरचे शिल्पपट दुपारी पाहणाऱ्याने सकाळी पुन्हा पाहावेत.

भिलाई कर्कवृत्ताच्या थोडी दक्षिणेस, सुमारे २१ अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली दडते. त्या वेळी कॅमेरा पिशवीत ठेवणे बरे. डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र सूर्य भर दुपारीही ४५ अंशांच्या आसपासच चढतो आणि प्रत्येक वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी, उत्तरेकडे पडते. परगावी गेलेले बरेच माजी विद्यार्थी नाताळच्या सुट्टीतच येतात. ज्यांचे जुने क्वार्टर उत्तराभिमुख आहे, त्यांच्या फाटकाची सावली त्या दिवसांत दुपारी बारालाही बाहेर रस्त्याच्या बाजूला पसरलेली असते, गजांसकट.