भोपाळची थंडी आणि आपला सभामंडप
(महाजनांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आयुष्यभर कचेरीत इतरांची टिपणे नकलून काढणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनास आपण साहित्यावर बोलावयास उभे केलेत, हा आपला लोभ. व्याख्यान मला साधत नाही. जे पाहिले ते निवेदन करतो आणि अखेरीस एक मागणे मागतो.

गेल्या पौषात मी मुलीकडे भोपाळला होतो. तेथील थंडी आपल्या गोमंतकीय हाडांना मानवणारी नव्हे. तरीही शाल पांघरून सायंकाळी मी भारत भवनाकडे जात असे. मोठ्या तलावाकाठी, टेकडीच्या उतारावर, 13 फेब्रुवारी 1982 रोजी या वास्तूचे उद्घाटन झाले. रचनाकार चार्ल्स कोरिया हे मूळ गोमंतकीय घराण्यातले. पणजीची कला अकादमीही त्यांचीच. येथे मांडवी, तेथे तलाव. चौक आणि गच्च्या ओलांडीत, पायऱ्या उतरत माणूस पाण्याकडे येतो. मला आपल्या देवळांच्या तळ्या आठवल्या. चित्रे, नाटक, संगीत यांच्या तोलाने तेथे कवितेलाही 'वागर्थ' नावाचे स्वतंत्र दालन आहे. 2019 च्या जानेवारीत याच वास्तूत भोपाळचा साहित्य व कला महोत्सव सुरू झाला. मोठ्या महोत्सवांत माझे मन रमत नाही, हा माझा दोष समजावा.

मन रमले ते मुलीच्या शेजारच्या एका मराठी घरी. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली, तेव्हा नागपूरच्या सचिवालयातील अनेक कारकून बिऱ्हाडे उचलून तेथे गेले. म्हणजे माझेच जातभाई! त्यांच्या मुलानातवंडांची ती बैठक. वीसेक माणसे, मधोमध एक सतरंजी. एका निवृत्त शिक्षिकेने स्वतःची कथा वाचली. हार नाही, नारळ नाही. वाचन संपल्यावर एका म्हाताऱ्याने म्हटले, "बाई, तो विहिरीचा परिच्छेद पुन्हा वाचा." त्यांनी वाचला. इतकेच.

त्याच भोपाळात 1967 साली डॉ. वि. भि. कोलते यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले होते. आपल्या मडगावी कुसुमाग्रज आले त्यानंतर तीनच वर्षांनी. 1964 मध्ये अर्धांगाने खिळलेले गजानन माधव मुक्तिबोध प्रथम तेथील रुग्णालयातच होते; पुढे त्यांना दिल्लीस नेले आणि 11 सप्टेंबरला ते गेले. घरची भाषा मराठी, लेखणी हिंदी; धाकटे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीचे कवी. थोरल्याचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह निघाला तो त्यांच्या मृत्यूनंतर. हे ऐकताना मला माझीच एक चूक डाचू लागली.

पुष्कळ वर्षांपूर्वी आपल्याच भागातील एका समारंभात एका वृद्ध कवीस बोलावले होते. सूत्रसंचालन माझ्याकडे होते. मी देणगीदारांची यादी वाचली, सत्कार उरकले, आभार मानले. सव्वा तास गेला. कवींच्या वाट्यास दहा मिनिटे आली. त्यांच्या हातात वही होती, खुणेसाठी घातलेल्या कागदांनी फुगलेली. एक कविता वाचून त्यांनी ती मिटली, कारण मागे वाद्यवृंदाची मंडळी तारा जोडीत होती. पुढल्या वर्षी त्यांना बोलवावे असे मी ठरविले होते. ते पुढले वर्ष त्यांना लाभले नाही, आणि ती वही कोणाकडे आहे हे मी विचारलेही नाही.

कोणी म्हणेल, देवळात कथा-कविता कशाला? कीर्तन आणि पुराण जेथे चालते, तेथे ऐकण्याची सवय आयतीच असते. भोपाळकरांचा हिवाळा तर 3 डिसेंबरच्या स्मरणाने सुरू होतो. 1984 च्या त्या विषारी वायूच्या रात्रीत गेलेल्यांचे नातलग आजही त्या नगरात आहेत. तरी माणसे एकत्र बसतात आणि ऐकतात.

माझे मागणे लहान आहे. पौषात लग्ने नसतात, सभामंडप रिकामा असतो. त्या महिन्यातील तीन शनिवार मला द्यावेत. दर शनिवारी आपल्या तालुक्यातील एका लेखकाने पाऊण तास स्वतःचे लेखन वाचावे. सत्कार नको, यादी नको. खर्च चटया, ध्वनिक्षेपक आणि चहा एवढाच. त्याचे टिपण मी चिटणिसांकडे दिले आहे. पहिल्या शनिवारी त्या कवींच्या घरच्यांना बोलवावे आणि वही सापडली तर तीतूनच वाचावे, अशी माझी विनंती आहे. त्यांच्या घरी मी उद्या सकाळीच जाणार आहे.