फिरतीवरचा माणूस आणि कचेरीशी संपर्क



आपल्या घरांतील कितीतरी मुले आज फिरतीच्या नोकरीत आहेत. कोणी विजेच्या तारा दुरुस्त करतो, कोणी दवाखान्यांतून औषध कंपनीचे काम पाहतो, कोणी मोबाईल टॉवरची देखभाल करतो. पूर्वी असा माणूस संध्याकाळी कचेरीत येऊन वही पुढे ठेवी. आता फोनवर भरलेली नोंद त्याच क्षणी कंपनीच्या संगणकात जावी, अशी अपेक्षा असते. ती पोचली नाही तर हजेरी बुडते, भत्ता अडतो, आणि ‘तू कामावर गेलाच नव्हतास’ हेही ऐकून घ्यावे लागते. तेव्हा हा विषय नुसत्या यंत्रांचा नाही, रोजीरोटीचा आहे.

अडचण काय ती पाहू. इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीला दोन टोके असतात आणि प्रत्येक टोकाला अंकांचा एक पत्ता. टीसीपी या पद्धतीत चालू संभाषण त्या पत्त्यांशीच बांधलेले असते. कर्मचारी गोदामाच्या वायफायमधून बाहेर पडून मोबाईलच्या जाळ्यावर आला की पत्ता बदलतो. कचेरीच्या संगणकाला तो परका वाटतो. संभाषण तुटते, पुन्हा पासवर्ड मागितला जातो, अर्धी भरलेली नोंद कधी कधी नाहीशी होते. दिवसातून दहा वेळा असे झाले की माणूस कंटाळून कागदावर लिहू लागतो. त्याला आळशी ठरवणे मला तरी अन्यायाचे वाटते.

यावर शास्त्रज्ञांनी बराच विचार केला आहे. १९९६ साली ‘मोबाईल आयपी’ची पद्धत ठरली. गाव सोडलेल्या माणसाचे टपाल पोस्टाने नव्या मुक्कामी पाठवावे, तशी ही योजना होती. कंपन्या आपल्या माहितीसाठी व्हीपीएन नावाचा बंदिस्त मार्ग वापरतात. पत्ता बदलला तरी तो मार्ग तुटू नये, याची ‘मोबाईक’ ही सोय २००६ मध्ये आली. २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात दाखल झालेले ‘वायरगार्ड’ तर माणसाला पत्त्यावरून ओळखतच नाही, किल्लीवरून ओळखते. किल्ली खरी असली की तो कोठूनही बोलो, संभाषण पुढे चालू.

परंतु जेथे सिग्नलच नाही तेथे उत्तम व्हीपीएनही काय करणार? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकले, तेव्हा रायगड जिल्ह्यात विजेचे खांब पडले आणि मोबाईलही बंद पडले. टॉवरला वीज लागते, आणि वीज जोडणाऱ्याला टॉवर लागतो! अशा वेळी नोंद प्रथम फोनमध्येच जपून ठेवणे आणि संपर्क मिळताच पाठवणे, हाच शहाणपणाचा मार्ग. दोन निराळ्या कंपन्यांची सिमकार्डे असली तर आणखी बरे.

यातही एक मेख आहे. फोनने नोंद पाठवली, ती पोचली, पण पोच परत येताना वाटेत हरवली. फोन पुन्हा पाठवतो आणि एकाच कामाच्या दोन नोंदी होतात. म्हणून प्रत्येक नोंदीला फोनमध्येच स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो. तोच क्रमांक पुन्हा आला की संगणक दुसरी नोंद धरत नाही. तसेच नोंद पोचल्याची वेळ आणि ती भरल्याची वेळ, दोन्ही ठेवाव्या लागतात. सकाळी नऊला केलेले काम दुपारी दोनला पोचले तर दोष घाटाचा, माणसाचा नव्हे.

पालकहो, मुलगा किंवा मुलगी अशा नोकरीवर रुजू होताना पगाराबरोबर एवढे विचारायला सांगा: सिग्नल नसताना भरलेली नोंद धरली जाते का, आणि फोनचा खर्च कोणाचा?

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही घरीच एक प्रयोग करा. फोनवरून मोठी फाईल पाठवत असताना मध्येच वायफाय बंद करा. काही ॲप जिथे थांबले तिथूनच पुढे जातात, काही पहिल्यापासून सुरू करतात. कोणते कसे वागते ते वहीत मांडा, आणि कारण आपल्या संगणकाच्या शिक्षकांना विचारा.