निघण्यापूर्वीचे ताट

गावाला निघालेल्या माणसाला उपाशी पाठवू नये, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे. गाडीची वेळ कितीही अडनिडी असो, घरातली बाई पहाटे तीनला उठून चूल पेटवी, जाणाऱ्याला दोन घास खायला लावी, उंबऱ्याशी त्याच्या हातावर दही-साखर ठेवी आणि फडक्यात बांधलेली शिदोरी हवाली करी. तिच्यात दुधात भिजवलेल्या दशम्या असत, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी, लिंबाचे लोणचे आणि गुळपापडीच्या वड्या असत. पाण्याचा स्पर्श नसलेली दशमी एकदोन दिवस सहज टिकते, हे शास्त्र कोणत्याही पुस्तकाविना घरोघर ठाऊक होते.

इंदूरच्या मराठी कुटुंबांना या शिदोरीचे मोल विशेष होते. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन खांडव्याहून इंदूरपर्यंत लोहमार्ग आणविला. परंतु तो मीटरगेजचा होता आणि खांडव्याहून मुंबईकडे जाणारा मार्ग ब्रॉडगेजचा. त्यामुळे या वाटेने मुंबईला जाणाऱ्याने खांडव्यास उतरावे, बोजाबिस्तरा हलवावा आणि मोठ्या गाडीची वाट पाहत फलाटावर बसावे, असा क्रम असे. डबे तेथेच उघडत. शेजारचे कुटुंब अनोळखी असले, तरी एकाची चटणी दुसऱ्याच्या पुरीवर जाई. गोकुळातल्या गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र करून जो काला केला, त्याचाच हा आगगाडीच्या युगातला अवतार. सोवळेओवळे आणि जातपात जेथे आड येई तेथे हा काला होत नसे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आता त्या फलाटाची जागा विमानतळावरील लाउंजने घेतली आहे. १९३९ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या खास पाहुण्यांसाठी एक कक्ष उघडला. आजच्या लाउंजची परंपरा तेथून सुरू होते. आता उच्च वर्गाचे तिकीट किंवा विशिष्ट बँक-कार्ड दाखविले, की हे दार उघडते. इंदूरचा एखादा कारखानदार लंडनला निघाला, तर तो संध्याकाळच्या विमानाने मुंबई वा दिल्ली गाठतो आणि मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या मोठ्या विमानाची वाट पाहत या कक्षात बसतो. मऊ खुर्च्या, मंद दिवे, आणि एका बाजूला मांडलेली वरण-भातापासून विलायती मिठाईपर्यंतची पात्रे. हवे ते, हवे तितके, आपल्या हाताने वाढून घ्यावे.

विमानात जेवण मिळत असताना येथे जेवण्याचे कारण काय, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे पहिले कारण झोप हे होय. रात्री दोन वाजता सुटणाऱ्या विमानात ताट समोर येईपर्यंत तीन वाजतात. बिझनेस क्लासच्या प्रवाशाने जो मोठा पैसा मोजलेला असतो, तो मुख्यतः सपाट होणाऱ्या आसनासाठी, म्हणजे चार-सहा तासांच्या निद्रेसाठी. ती निद्रा ताटाची वाट पाहण्यात घालविणे शहाणपणाचे नव्हे.

दुसरे कारण निसर्गाचे आहे. विमान पस्तीस हजार फुटांवरून जात असताना आतील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितका ठेवलेला असतो. हवा अतिशय कोरडी असते आणि यंत्रांचा घोष अखंड चालू असतो. अशा स्थितीत नाक कोरडे पडते, वास मंदावतो, गोड आणि खारट चव फिकी लागते. जमिनीवर रुचकर लागलेली आमटी तेथे बेचव वाटते, यात आचाऱ्याचा दोष थोडाच असतो. शिवाय दाब कमी झाला की वायू पसरतो. आठ हजार फुटांच्या दाबाला पोटातील वायू सुमारे तिसऱ्या हिश्श्याने फुगू शकतो. म्हणून चढण्यापूर्वीचे जेवण जमिनीवर घ्यावे, पण ते हलके असावे: थोडा भात, पातळ वरण, दही. राजमा, छोले, तळलेले पदार्थ आणि फसफसणारी पेये यांना त्या रात्री लांबूनच नमस्कार करावा.

इंदूरकराला हा संयम अवघड जातो. सराफ्यातील पेढ्या रात्री बंद झाल्या, की त्याच ओट्यांपुढे कढया चढतात. भुट्ट्याचा कीस, थंडीतले गराडू, मालपुवे आणि रबडी यांसाठी मध्यरात्रीपर्यंत गर्दी लोटते. रात्री उशिरा, अनोळखी माणसांत खाण्याची सवय या शहराला आधीपासूनच आहे. परंतु सराफ्यात मोटारीतून आलेला शेठ आणि हमाल एकाच कढईपुढे उभे असतात. लाउंजच्या दाराशी मात्र माणसाची निवड आधी होते, मग अन्न मिळते.

इंदूरच्या विमानतळाचे नाव येथे आठवल्याखेरीज राहत नाही. बिजासन टेकडीजवळच्या या विमानतळाला देवी अहिल्याबाई होळकरांचे नाव आहे. १७६७ ते १७९५ या काळात राज्य करणाऱ्या या बाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभी केली. सर जॉन माल्कम याने मध्य हिंदुस्थानच्या आपल्या वृत्तांतात नोंदविले आहे, की कडक उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी देण्यासाठी त्यांनी रस्त्यांवर माणसे नेमली होती. त्या पाण्यासाठी वाटसरूने काहीच दाखवायचे नव्हते. तो तहानलेला आहे, एवढे पुरे होते.

विमान कंपनीने धर्मशाळा चालवावी, असे कोणी म्हणणार नाही. तो व्यापार आहे आणि त्याचे हिशेब वेगळे. पण ज्या विमानतळाला अहिल्याबाईंचे नाव, तेथे पिण्याचे स्वच्छ पाणी, बसायला जागा आणि गरिबालाही परवडेल असा चहा व पोह्यांची बशी साध्या प्रवाशाला मिळावी, ही अपेक्षा वाजवी आहे. आज विमानाने प्रथमच जाणारी कितीतरी माणसे आखाती देशांत मजुरीला निघालेली असतात. इंदूरहून दुबईला थेट विमान २०१९ साली सुरू झाले. अशा माणसाचीही ती रात्र लांबच असते, आणि त्याच्या पिशवीतले तेलाचे लोणचे तपासणीत काढून घेतले गेलेले असते.

ख्रिस्ती कॅथलिक संप्रदायात मृत्युशय्येवरील माणसाला जो अखेरचा ख्रिस्तप्रसाद देतात, त्याला ‘वियाटिकुम’ असे लॅटिन नाव आहे. या शब्दाचा मूळ अर्थ अगदी साधा आहे: वाटेची तरतूद, म्हणजेच शिदोरी. परक्या मुलखाला निघालेल्या माणसाला एकट्याने जाऊ देऊ नये, कोणाच्या तरी हातचे काहीतरी त्याच्यासोबत असावे, ही भावना रोमची आणि मराठी माजघराची एकच आहे. शिदोरीला देणारा लागतो. लाउंजच्या पात्रांत अन्न भरपूर असते, देणारा मात्र दिसत नाही.

तरीही तो तेथे असतो. उष्टी ताटे उचलणारा, रात्रपाळीला आलेला एखादा पोरगा तेथे अखंड फिरत असतो. हजारो ताटे हाताखालून गेली तरी त्याचा स्वतःचा डबा बहुधा उघडायचाच असतो. त्याची विचारपूस करायला तिकिटाचा वर्ग लागत नाही. खाऊन टाकून न देता पानात लागेल तेवढेच घेणे, शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या प्रवाशाला पेलाभर पाणी आणून देणे, एवढे जरी घडले, तरी खांडव्याच्या फलाटावरचा काला थोडासा उरला असे म्हणता येईल.

आणि मध्यरात्री विमानाची घोषणा होण्यापूर्वी इंदूरहून दूरध्वनी येतो. घरी जागी असलेली आई विमान कोणते, आसन कोणते, हे काही विचारीत नाही. ती एवढेच विचारते, “जेवलास का रे?”