घरचा साबण आणि सिलिकॉनचा साचा



गेल्या काही महिन्यांत बचत गटांच्या बैठकीला गेलो की एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, साबण पाडायला तो रबरासारखा मऊ साचा घ्यावा का?" आज त्याबद्दलच बोलू. पण साच्याआधी दोन गोष्टी सांगणे भाग आहे, कारण साचा चुकला तर साबण वेडावाकडा होतो, आणि सोडा चुकला तर कातडी जाते.

आधी माझीच चूक सांगतो. तीन वर्षांपूर्वी एका गावात मी साबणाचे प्रात्यक्षिक दाखवले आणि कृती फळ्यावर लिहून दिली. पुढच्या खेपेला भगिनींकडे खोबरेल संपले होते, म्हणून त्यांनी तेवढेच शेंगदाणा तेल घातले. सोडा मात्र फळ्यावरचाच. त्या वड्यांनी दोघींचे हात लालभडक झाले, सोलवटले. त्यांचे काहीच चुकले नव्हते. तेल बदलले की सोडा बदलतो, हे सांगायचे मीच राहून गेलो होतो.

१०० ग्रॅम खोबरेलाचा पूर्ण साबण व्हायला सुमारे १८ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. तेवढ्याच शेंगदाणा तेलाला साडेतेरा ग्रॅम पुरतो, एरंडेलाला तेरा. जास्तीचा सोडा वडीत तसाच मोकळा राहतो आणि अंगाला लागतो. म्हणून आपण हिशेबापेक्षा पाच टक्के सोडा कमीच घालतो. थोडे तेल शिल्लक राहिलेले बरे. आणि सोडा, तेल, पाणी, तिन्ही वजनाने मोजायचे. वाटीने, पेल्याने मुळीच नाही. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा ही पहिली खरेदी, साचा ही नंतरची.

आता कृती. खोबरेल २५० ग्रॅम, शेंगदाणा तेल २०० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम. त्याला कॉस्टिक सोडा ७५ ग्रॅम आणि पाणी १५० ग्रॅम. धुण्याचा सोडा किंवा खायचा सोडा चालणार नाही. मोरी साफ करायची पावडरही नको, तिच्यात इतर काही मिसळलेले असते. बोअरचे जड पाणी टाळा. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी गॅरेजवर मिळते, ते उत्तम. पण पाणीच मागा हो, बॅटरीचे ॲसिड नव्हे!

सोडा विरघळवायचे काम पडवीत किंवा अंगणात, पोरेबाळे आणि कोंबड्या-कुत्री लांब ठेवून करावे. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा. भांडे स्टीलचे घ्या. ॲल्युमिनियमचे अजिबात नको. सोडा ते भांडे खातो आणि पेट घेणारा वायू सुटतो. पाण्यात सोडा थोडा थोडा सोडायचा. सोड्यावर पाणी कधीही ओतायचे नाही, उसळून अंगावर येते. मिश्रण चुलीवर न ठेवताच वाफाळेल, त्या वाफेवर तोंड धरू नका. अंगावर थेंब उडाला तर लगेच वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवा. डोळ्यात गेला तर निदान पंधरा-वीस मिनिटे पाणी मारत राहा आणि तसेच दवाखाना गाठा. कोणाच्या पोटात गेला तर उलटी काढू नका, ताबडतोब डॉक्टरकडे न्या. सोड्याचे पाणी प्यायच्या तांब्यात किंवा बाटलीत, घटकाभरसुद्धा, ठेवायचे नाही.

थंडीत खोबरेल गोठते, ते आधी पातळ करून घ्या. तेल आणि सोड्याचे पाणी, दोन्ही भांडी बाहेरून कोमट लागली की पाणी तेलात धारेने सोडून घोटत राहा. हाताने घोटायला पाऊण तास, कधी तासही लागतो. विजेची रवी असेल तर काही मिनिटांत काम होते, पण ती पुन्हा ताकाला वापरायची नाही. मिश्रण पिठल्यासारखे दाट झाले, वरून सोडलेली धार क्षणभर वर उठून दिसली, की साच्यात ओतायची वेळ झाली.

आता साचा. सिलिकॉनचा साचा सोड्याला दाद देत नाही, गरमीने वितळत नाही, आत कागद लावावा लागत नाही, आणि वडी मागून दाबली की बाहेर येते. शिवाय सगळ्या वड्या एकसारख्या, त्यामुळे विकायला सोयीचे. ही झाली त्याची बाजू. पण लाकडी खोक्यात कागद घालून ओतलेला साबण कडांकडून थोडा सुकतो, तसा सिलिकॉनमध्ये सुकत नाही. त्याच्या भिंतीतून ओल बाहेर जात नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी घाईने वडी काढली की कोपरे साच्यातच राहतात. मी एकदा मंडळींसमोर वीस तासांत वड्या काढायला गेलो आणि आठांपैकी सहा मोडल्या. एक आजी म्हणाल्या, "साहेब, पोळीसुद्धा भाजल्याशिवाय उलटत नाही." खरेच होते.

पूर्ण दोन दिवस थांबा. बोटाने दाबून वडी मऊ वाटली तर तिसराही जाऊ द्या. सोडा घालण्याआधी त्याच पाण्यात लहान चमचाभर मीठ विरघळवले तर वडी लवकर घट्ट होते. साचा मऊ असल्याने भरल्यावर उचलायला गेलात तर मधेच वाकतो आणि सगळे अंगणात सांडते. म्हणून आधी तो फळीवर ठेवा आणि मगच ओता. ओतल्यावर फळी दोन-तीनदा हलके आपटा, आतली हवा निघून जाते.

घेताना साच्याच्या खणात काठोकाठ पाणी भरून ते पाणी वजन करून पाहा. वरच्या कृतीचे मिश्रण साधारण ७२५ ग्रॅम होते. नव्वद ग्रॅम पाणी मावणारे आठ खण असतील तर एक घाणा नेमका बसतो. वडी काढायला सुरी घालू नका, चीर पडली की साचा गेला. धुऊन उलटा वाळत घाला. साबणाचा साचा केकला किंवा बर्फीला वापरू नये, वास त्यात मुरून बसतो. आणि पैसे नसतील तर अडू नका. दुधाच्या कागदी खोक्यातही साबण पडतो, वड्या दोऱ्याने किंवा सुरीने कापाव्या लागतात, इतकेच.

काढलेली वडी लगेच वापरायची नाही. हवेशीर सावलीत, चाळणीवर किंवा बांबूच्या तट्ट्यावर चार ते सहा आठवडे सुकवा, मधूनमधून उलटा. सिलिकॉनमधली वडी ओली निघते, तेव्हा सहाच आठवडे धरा. तिचे वजन या काळात बरेच घटते, म्हणून विक्रीचे वजन शेवटी करा. वर पांढरी भुकटी आली तर पुसून टाका, ती निरुपद्रवी असते. भर पावसाळ्यात मात्र घाणा घालू नये. आषाढ-श्रावणात वडीला घाम सुटतो आणि ती सुकत नाही. दिवाळीनंतर करा.

कडा तासताना निघालेला चुरा टाकू नका, महिनाभर सुकवा. निंबोळीचा पाच टक्के अर्क करताना पाच किलो निंबोळीला, म्हणजे शंभर लिटर फवाऱ्याला, २०० ग्रॅम साबणाचा चुरा लागतो. तिथे तो कामी येईल.

राहता राहिले विक्रीचे. घरच्यापुरता करा, कोणी विचारणार नाही. बाजारात विकायचा तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणि २०२० च्या नियमांप्रमाणे परवाना लागतो. त्याची चौकशी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात गटाच्या नावाने आधीच करावी. आणि वेष्टनावर खरूज जाते, नायटा जातो असे लिहू नका. साबण हा साबण आहे. तेल बदलायचे असेल तर सोडा किती घ्यायचा ते विचारायला जरूर या, मी हिशेब करून देईन. फळ्यावर नाही, कागदावर. रामराम.