मजुरी कमी, हुंडा मात्र पुरा

मैत्रिणींनो, ऑटोमन साम्राज्य मोडकळीला आलं, तेव्हाचं सलोनिका बंदर पाहा. ज्यू, तुर्क, ग्रीक, बल्गेरियन सारे तिथे राहत. ज्यू संख्येनं सर्वांत जास्त. तंबाखूच्या वखारींत तरुण मुली पुरुषांपेक्षा कमी मजुरीवर पानं निवडत. कितीतरी ज्यू मुली स्वतःच्या हुंड्यासाठी राबत, लग्न ठरलं की काम सोडत. कायमची कामगार म्हणून त्यांना धरणार कोण?

१९०९ मध्ये तिथल्या समाजवादी कामगार फेडरेशननं चार भाषांत वृत्तपत्र काढलं. भाषेची भिंत ओलांडली, घरातली उरली. १९१२ मध्ये शहर ग्रीसकडे गेलं.

आपल्याकडेही बिडी वळणाऱ्या बाईची कमाई ‘घराला तेवढाच हातभार’ म्हटली जाते. म्हणून सांगते, मजुरीच्या लढ्यात हुंड्याचा प्रश्न घ्यायलाच हवा.