मशीन बघायला जाताना गोधडी काखेत घेऊन जा

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत गोधडीचं काम करणाऱ्या एका ताईंनी केलेलं भाषण)



अध्यक्षताई म्हणाल्या, गोधडी आणि तुकडे जोडायच्या कामाला कोणतं मशीन घ्यावं, त्यावर दोन शब्द बोला. मी काही मेकॅनिक नाही. पण आमच्या गटाने एकदा चुकीचं मशीन घेतलं होतं. ते सांगितलं तर तुमचे पैसे वाचतील.

तेव्हा आम्ही पाचजणी दुकानात गेलो. दुकानदाराने एक देखणं, हलकं मशीन काढलं. पातळ कापडाच्या तुकड्यावर झरझर फुलं काढून दाखवली. वीसेक प्रकारचे टाके! आम्ही बघतच राहिलो. गटातून कर्ज काढलं आणि मशीन घरी आणलं.

घरी चार पदरांची गोधडी खाली घातली. जिथे चार तुकड्यांचे कोपरे एकत्र येतात, तिथे मशीन अडलं. दोरा तुटला, मग सुई तुटली. परत विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "हे जाड कामाचं नाहीच." मशीन फळीवर गेलं, हप्ते मात्र चालू राहिले. सगळ्यात वाईट म्हणजे, जिच्या नावावर कर्ज होतं ती ताई बैठकीला यायची थांबली. तिला वाटायचं, सगळ्या आपल्याकडेच बघतायत. चूक तिची एकटीची नव्हती, आम्ही पाचहीजणी भुललो होतो. तिला परत आणायला आम्हाला चार वेळा तिच्या घरी जावं लागलं.

म्हणून सांगते, दुकानदाराच्या कापडावर मशीन बघू नका. तुम्ही जितके पदर घालता तितक्या पदरांचा तुकडा घरून न्या. त्यात जाड कोपरा हवाच. आधी बाजूचं चाक हाताने फिरवत त्या कोपऱ्यावरून टाके घाला, मग जोरात चालवा. नंतर कापड उलटं करून खालची बाजू बघा. टाका सुटला, दोऱ्याचे झुबके आले, तर दुकानदाराला तिथेच टेन्शन नीट करायला सांगा. तरी जमलं नाही, तर ते मशीन आपलं नाही.

दुसरं, सुई आणि मशीनचा उभा खांब यांच्यामधली जागा बघा. घरगुती मशीनला ती साधारण वीतभरच असते. गोधडी अर्धी गुंडाळून त्या जागेतून सरकवावी लागते. गुंडाळी अडकली तर टाके वाकडे जातात. मोठं काम करायचं असेल तर जास्त जागेचं मशीन घ्या. आणि शिवताना मधून सुरुवात करून कडेकडे जा. म्हणजे अर्धीच गोधडी आत जाते आणि मध्ये फुगाही येत नाही.

तिसरं, चुण्या. मशीनचे दाते खालचं कापड पुढे ओढतात, वरचं मागे राहतं. म्हणून आधी सगळ्या पदरांना हाताने कच्चे टाके घाला. दुकानात 'वॉकिंग फूट' मिळतो, तो वरचा पदरही बरोबर ओढतो. तो आपल्या मशीनला बसतो का, हे घेण्याआधीच विचारा. टाका ४ मिलिमीटरपर्यंत लांब करता येतो का, तेही बघा. बारीक टाक्याने गोधडी ताठ होते.

सुई साध्या कामाला १४ नंबरची, जाड कामाला १६ किंवा १८ ची. घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, कारखान्याच्या मशीनचा गोल. एकीची सुई दुसरीला चालत नाही.

चौथं, वीज. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. लोखंडी, पायाने चालणारं काळं मशीन सरळ टाक्याला आजही भरवशाचं आहे, आणि आपल्याला बहुतेक सरळ टाकाच लागतो. मोठ्या ऑर्डरी रोज असतील तरच कारखान्याचं मशीन घ्या. त्यात क्लच मोटर बटण चालू असेपर्यंत फिरत राहते. सर्वो मोटर पायडल दाबल्यावरच फिरते, त्यामुळे वीज कमी लागते आणि आवाजही कमी.

पाचवं, तालुक्याला दुरुस्ती कोण करतं आणि सुटे भाग मिळतात का, हे विचारा. बिल गटाच्या किंवा बाईच्या स्वतःच्या नावावर घ्या, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नाही.

आता हिशोब करू. समजा मशीन १८,००० चं आणि हप्ते १८. महिन्याला १,००० मुद्दल, वर व्याज. एका दुपट्यामागे खर्च जाऊन १०० रुपये सुटत असतील, तर महिन्याला दहा दुपटी नुसती मुद्दलाची. तेवढी गिऱ्हाइकं आहेत का? नसतील तर घाई करू नका. आधी दोघी-तिघींत मिळून एक मशीन चालवा.

आणि एक. मशीन आलं म्हणून हात सोडू नका. तुकडे जोडायला, पिशव्या-दुपट्यांना मशीन वापरा. पण जुन्या लुगड्यांच्या जाड गोधडीवरचा हाताचा धावदोरा वेगळाच दिसतो, आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे वेगळे देतं. मशीनचं काम हाताचं म्हणून मात्र विकू नका. विश्वास एकदा उसवला की शिवता येत नाही.

आमचं आताचं मशीन जुनं आहे, एका टेलरकडून घेतलेलं. घेताना गोधडी आमच्या काखेत होती. आणि कोपऱ्यावरून पहिला टाका घातला तो त्याच ताईने.