तबकडीवरील गांधारी

हुबळीच्या कमरीपेठेत काय किंवा देशपांडेनगरात काय, गंगूबाई हनगल यांचे नाव निघाले की जाणत्या श्रोत्याच्या कानांत खर्जाकडे झुकणारा, जवळजवळ पुरुषी वाटणारा भारदस्त आवाज घुमू लागतो. परंतु १९३० नंतरच्या दशकात ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीने काढलेल्या त्यांच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात, तर ही गायिका कोणी दुसरीच असावी असा भ्रम होतो. आवाज बारीक, टोकदार, उंच पट्टीत सहज फिरणारा. आणि तबकडीवरचे नावही वेगळे : गांधारी हनगल.

गंगूबाईंचा जन्म ५ मार्च १९१३ रोजी धारवाडचा. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गात. पण मुलीचा ओढा हिंदुस्थानी गाण्याकडे पाहून १९२८ मध्ये कुटुंब हुबळीस आले. लहानपणी ग्रामोफोनचा सूर कानी पडला, की ही मुलगी धावत रस्त्यावर येई. तीच पुढे विशीच्या सुमारास स्वतःच्या ध्वनिमुद्रिकांसाठी मुंबईस गेली!

त्या काळचे मुद्रण म्हणजे एक परीक्षाच असे. मेणाची जाड तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई, आणि एकाच ध्वनिग्राहकासमोर गायिका व साथीदार यांना तीन-सव्वातीन मिनिटांत सारे आटोपावे लागे. खोडणे नाही, जोडणे नाही. शेवटच्या समेवर तबलजीचा हात चुकला, तर ते मेण बाद आणि गाणे पुन्हा पहिल्यापासून. गायलेले लगेच ऐकण्याचीही सोय नव्हती. कारण मेणावर सुई फिरवली, की रेषा बिघडत. त्या मेणावरून धातूचा ठसा घेत, आणि लाख, दगडाची भुकटी व काजळी यांच्या तापवलेल्या लगद्यावर तो दाबून तबकड्या काढीत. हे काम कलकत्त्याजवळ दमदम येथील कारखान्यात चाले.

आता किराणा घराण्याचे गाणे कसे, तर एकेका स्वराला गोंजारीत संथपणे उलगडणारे. ख्यालगायक गातागाताच रचतो. त्याला तीन मिनिटे म्हणजे उंबरठाही ओलांडता येऊ नये इतका अवधी. म्हणून या तबकड्यांत विस्तार शोधू नये. त्यांत सापडते ती सुरांची नेमकी फेक आणि तरुण गळ्याची चपळाई. जी. एन. जोशी यांच्यासमवेत गायिलेली भावगीतेही त्याच काळातली. हे जोशी पुढे कंपनीतच मुद्रणाधिकारी झाले.

नंतर दोन गोष्टी घडल्या. १९३८ पासून कुंदगोळला सवाई गंधर्वांची कसून तालीम सुरू झाली. आणि गळ्याच्या विकारावरील उपचारांनंतर आवाज खाली उतरला. एखादी गायिका अशा वेळी खचली असती. गंगूबाईंनी हलकी गीते बाजूस सारली आणि त्या बदललेल्या गळ्याला शोभेल असा धीरगंभीर ख्याल उभा केला. तेव्हा गांधारीच्या तबकड्यांना ‘कच्चे गाणे’ म्हणून नाक मुरडणे अन्यायाचे होईल. जो आवाज खुद्द गायिकेपाशीही उरला नाही, तो तेथेच तेवढा ऐकू येतो.

पुढे एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वाजणाऱ्या लाँगप्ले तबकड्या आल्या, तेव्हा कोठे त्यांच्या आलापीला ऐसपैस जागा मिळाली. मागून कन्या कृष्णा हिची स्वरसाथ असे. कृष्णाबाई २००४ मध्ये गेल्या आणि गंगूबाई २१ जुलै २००९ रोजी हुबळीत. लाखेच्या त्या जुन्या तबकड्या मात्र हातून निसटल्या की फुटतात, आणि ज्यांच्यापाशी त्या आहेत ते त्या सहसा कोणाच्या हाती देत नाहीत.